ट्रेलरची प्लेट कायमची, पण तपासणी?

आज बोलूया अमेरिकेतल्या ट्रेलरच्या नोंदणीबद्दल. तिथे पुढचा ट्रक आणि मागचा माल भरायचा ट्रेलर, दोघांची नोंदणी वेगवेगळी. कंपनीकडे ट्रक दहा असले, तर ट्रेलर तीससुद्धा असू शकतात, आणि तेही गिऱ्हाइकांच्या यार्डांत विखुरलेले. दरवर्षी स्टिकर बदलायचं म्हणजे आधी ट्रेलर शोधा!

कॅलिफोर्नियाने २००१ च्या अखेरीस यावर तोड काढली: कायमची प्लेट. सुरुवातीला २० डॉलर, मग दर पाच वर्षांनी १० डॉलर. वजनाचा कर मात्र माफ झाला नाही बरं का! तो ट्रकवर गेला, ट्रक-ट्रेलर-माल मिळून होणाऱ्या वजनाप्रमाणे. मेन राज्यात अनेक वर्षांची नोंदणी एकदम होते, बाहेरच्या कंपन्यांचीही. म्हणून तिथल्या प्लेटा देशभर दिसतात.

पण गफलत इथेच होते. ब्रेक, टायर, दिवे यांची तपासणी केंद्राच्या नियमाप्रमाणे दर १२ महिन्यांनी लागतेच. उलट दरवर्षीचं रिन्यूअल बंद झालं, की कागद काढून बघायचं निमित्तही जातं. तेव्हा प्रत्येक ट्रेलरची तपासणीची तारीख वेगळी लिहून ठेवा. आणि ट्रेलर विकलात, तर नोंदणी कार्यालयाला लगेच कळवा.