आचऱ्याची गावपळण : वेशीबाहेर सिद्ध होणारे गाव

मालवण तालुक्यातले आचरा हे गाव काही वर्षांच्या अंतराने तीन दिवस आणि तीन रात्री ओस पडते. ग्रामदैवत रामेश्वराचा कौल, म्हणजे देवाची संमती, मिळाला की दिवस ठरतो आणि माणसांबरोबर गुरे, कोंबड्या, कुत्रीसुद्धा वेशीबाहेर जातात. शाळा, बाजारपेठ बंद. शेजारच्या गावांच्या हद्दीत झावळांच्या झोपड्या उठतात, तीन दगडांच्या चुली पेटतात, रात्री भजने रंगतात आणि मुंबईचे चाकरमानी रजा टाकून त्यात सामील होतात. चौथ्या दिवशी पुन्हा कौल लावायचा. देवाने होकार दिला तरच परतायचे. यालाच गावपळण म्हणतात. चिंदर, वायंगणी या गावांतही ही प्रथा आहे. बातम्यांमधून ती एक नवल म्हणून येते. माझ्या मते मात्र ती कोकणच्या गावरहाटीचा, म्हणजे ग्रामदैवताभोवती बांधलेल्या गावव्यवस्थेचा, गाभा आहे: गाव म्हणजे घरांची बेरीज नव्हे, एकत्र निर्णय घेणारी आणि तो पाळणारी संस्था आहे, हे इथे प्रत्यक्ष वागण्यातून सिद्ध होते.

यावर पहिला आक्षेप येतो तो विज्ञानाच्या नावाने. गाव मोकळे राहिल्याने हवा-पाणी शुद्ध होते, रोगराई हटते, एवढाच पूर्वजांचा हेतू होता, असे सांगितले जाते. जुन्या साथींच्या काळात गाव सोडून माळावर राहण्याची रीत महाराष्ट्रात होतीच, त्यामुळे हा तर्क अगदीच निराधार नाही. पण तेवढ्याने उलगडा होत नाही. हेतू केवळ स्वच्छतेचा असता तर वेशीची रेषा इतकी काटेकोर कशाला? परतण्यासाठी दुसरा कौल कशाला? त्या दिवसांत गावात भुताखेतांचा वावर असतो ही समजूतही भीतीचे कारण सांगते. पण भ्यालेला माणूस एकटा पळतो. इथे सगळे एकाच वेळी निघतात आणि एकाच वेळी परततात. या एकत्र वागण्याचा उलगडा गावाच्या एकजुटीतूनच होतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गावरहाटी म्हणजे बारा-पाचाच्या, म्हणजे देवळात वंशपरंपरेने मान असलेल्या, मानकऱ्यांची उतरंड. गाऱ्हाणे कोणी घालायचे, पालखीला खांदा कोणी द्यायचा, हे जन्माने ठरलेले. मग एकजूट कसली? हे खरेच आहे आणि ते झाकून कोकणच्या देवळांचा गौरव करणे अप्रामाणिकपणाचे होईल. याच देवळांच्या सेवेत भाविणींची, म्हणजे कोकणातल्या देवदासींची, आयुष्ये वाहिली गेली. पण त्या प्रथेचा इतिहासच उत्तरही देतो. मुंबई प्रांतात 1934 साली देवदासी संरक्षण कायदा झाला, सुधारकांनी आणि त्या समाजातल्या माणसांनी लढा दिला, प्रथा मोडली. त्यामुळे रवळनाथ, सातेरी या ग्रामदैवतांपैकी रवळनाथाची जत्रा थांबली नाही की सातेरीच्या वारुळावरची पूजा चुकली नाही. म्हणजे मान बदलले तरी उत्सव टिकतो.

म्हणूनच गावपळणीकडे पाहताना परंपरा जशीच्या तशी जपा किंवा अंधश्रद्धा म्हणून टाकून द्या, हे दोन्ही सल्ले अपुरे आहेत. गाव सोडण्याची जबाबदारी सर्वांवर सारखी पडते. मग कौल लावताना देवासमोर उभे राहण्याचा मानही सर्वांचा व्हायला हवा. आज कोकणातली कितीतरी घरे वर्षभर कुलूपबंद असतात. त्या घरांतली माणसे पुन्हा एका निर्णयाला बांधून घ्यायची असतील, तर त्या निर्णयात त्यांचा वाटा मोकळेपणाने मान्य करणे हाच गावरहाटी जिवंत ठेवण्याचा मार्ग आहे.