चारशे घोडे आणि सहा पोस्टकार्डे

आरंभीच एक साधे गणित करू. एका मोटारीचे वजन चालकासह १,५०० किलोग्रॅम आहे. ते चारही चाकांवर सारखे वाटले गेले, तर प्रत्येक चाकावर ३७५ किलोग्रॅमचा भार येतो. टायरमधील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २.१ किलोग्रॅम आहे असे समजा. तर एक टायर रस्त्याला किती जागेवर टेकला असेल? ३७५ ला २.१ ने भागा. उत्तर येते सुमारे १७८ चौरस सेंटिमीटर. टायरच्या कडांचा ताठरपणा आपण हिशोबात धरलेला नाही, तेव्हा हे उत्तर अंदाजाचे आहे. पण आपल्या कामाला तेवढे पुरे.

पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद असते. म्हणजे त्याचे क्षेत्रफळ १२६ चौरस सेंटिमीटर. तेव्हा एक टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम दीड पोस्टकार्डाएवढ्या जागेवर. चार टायरांची मिळून सहा पोस्टकार्डे! मोटार पळते, वळते आणि थांबते ती या एवढ्याशा जागेतील घर्षणाच्या जोरावर. ही सहा पोस्टकार्डे ध्यानात ठेवा.

आता एक खरी मोटार घेऊ. अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनी १९५३ सालापासून ‘कॉर्व्हेट’ नावाची स्पोर्ट्स कार तयार करीत आली आहे. तिची पाचवी पिढी १९९७ ते २००४ या काळात केंटकी राज्यातील बोलिंग ग्रीन येथील कारखान्यातून बाहेर पडली. या पिढीतील ‘झेड-झिरो-सिक्स’ हा प्रकार २००१ साली आला. त्याचे ५.७ लिटरचे, आठ सिलिंडरांचे इंजिन प्रथम ३८५ अश्वशक्तीचे होते. २००२ साली ते ४०५ अश्वशक्तीचे करण्यात आले. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. म्हणजे ही झाली सुमारे ३०२ किलोवॉट शक्ती. मोटारीचे वजन सुमारे १,४१५ किलोग्रॅम. चालक बसला, की आपले वरचे १,५०० किलोग्रॅम जवळजवळ पुरे होतात.

या जुन्या मोटारी आज अमेरिकेतील अनेक हौशी लोक विकत घेतात आणि सुटीच्या दिवशी शुल्क भरून शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर चालवतात. बोलिंग ग्रीन येथेच असा एक मार्ग २०१४ साली सुरू झाला. मोटार हाती आली, की मालकाच्या मनात पहिला विचार येतो, ‘हिला आणखी वेगवान कसे करता येईल?’ बाजारात सुटे भाग तर हजारो मिळतात. खिशात पैसे मात्र मोजकेच असतात. मग पैसा कशावर खर्च करावा? बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते: अश्वशक्ती वाढवा! पदार्थविज्ञान काय म्हणते, ते आता पाहू.

शक्ती आहे, पण वापरणार कशी?

इंजिनाची शक्ती गिअर आणि दंडांमधून चाकांपर्यंत येईतो काही वाया जाते. ही घट १५ टक्के धरली, तर ३०२ पैकी सुमारे २५५ किलोवॉट शक्ती चाकांपाशी उरते. कॉर्व्हेटची मागची दोन चाके मोटारीला ढकलतात. मोटार जोराने सुटते तेव्हा भार मागे सरकतो. बस सुटताना आपण मागे रेलतो ना, तसेच हे. अशा वेळी एकूण वजनाचा ६० टक्के भाग मागच्या चाकांवर असतो असे धरू. १,५०० किलोग्रॅमचे वजन १४,७०० न्यूटन. त्याचा ६० टक्के भाग ८,८२० न्यूटन. टायर आणि कोरडा रस्ता यांच्यातील घर्षणाचा गुणांक १ धरला, तर ती चाके मोटारीला जास्तीत जास्त ८,८२० न्यूटन बलाने पुढे ढकलू शकतात. त्याहून अधिक बल लावू गेले, तर चाक जागच्या जागी गरगरते, रबराचा धूर होतो, आणि मोटार काही अधिक वेगाने पुढे जात नाही.

आता तुम्हाला ठाऊक असलेले सूत्र आठवा: शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. २,५५,००० वॉटला ८,८२० न्यूटनने भागले, तर २८.९ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी सुमारे १०४ किलोमीटर हा वेग मिळतो. याचा अर्थ काय? मोटारीचा वेग ताशी १०४ किलोमीटर होईपर्यंत इंजिनाजवळ जरुरीपेक्षा अधिक शक्ती असते. तोपर्यंत त्वरण किती, हे इंजिन ठरवीत नाही, टायर ठरवतो. (गिअरच्या योगाने इंजिन कोणत्याही वेगाला पूर्ण शक्ती देऊ शकते असे आपण येथे मानले आहे. गिअर बदलताना जाणारा वेळही सोडून दिला आहे.)

समजा, मालकाने कित्येक हजार डॉलर खर्चून सुपरचार्जर बसवला आणि शक्ती ५०० अश्वशक्तीपर्यंत नेली. सुपरचार्जर म्हणजे सिलिंडरमध्ये हवा कोंबणारा पंप. हवा अधिक, म्हणून इंधन अधिक, म्हणून शक्ती अधिक. आता चाकांपाशी ३१७ किलोवॉट येतील आणि वरची मर्यादा १०४ वरून ताशी १२९ किलोमीटरपर्यंत सरकेल. पण शून्यापासून १०४ पर्यंत पोहोचण्याचा वेळ? तो आपल्या हिशोबाप्रमाणे सेकंदाच्या शंभराव्या भागानेही कमी होणार नाही!

याउलट, इंजिनाला हातही न लावता अधिक चांगले टायर बसवले आणि गुणांक १ चा १.१ झाला असे समजा. शून्यापासून ताशी ९० किलोमीटर वेग घेण्यास पूर्वी ४.२५ सेकंद लागत होते. आता सुमारे ३.९ सेकंद लागतील. टायरांचा संच काही स्वस्त नसतो, पण सुपरचार्जरच्या मानाने त्याचा खर्च पुष्कळ कमी.

वळणावर आणि थांबताना

शर्यतीच्या मार्गावर वळणे पुष्कळ असतात. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर मोटार जास्तीत जास्त किती वेगाने जाऊ शकेल? तेथे घर्षण हेच अभिकेंद्री बल पुरवते. म्हणून वेगाचा वर्ग हा गुणांक, गुरुत्वत्वरण आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराइतका असतो. गुणांक १ असता वेग येतो ताशी ८० किलोमीटर; १.१ असता ताशी ८३.५ किलोमीटर. या समीकरणात अश्वशक्ती कोठे दिसते का, शोधून पाहा. नाही ना? शिवाय वळणातून साडेतीन किलोमीटर अधिक वेगाने बाहेर पडलेली मोटार पुढच्या सरळ पट्ट्याचा आरंभच अधिक वेगाने करते. हा वळणावरच्या कमाईवरचा व्याजाचा भाग झाला.

थांबतानाही तोच नियम. ताशी १०० किलोमीटर वेगावरून थांबण्यास गुणांक १ असता ३९.४ मीटर अंतर लागते; १.१ असता ३५.८ मीटर. साडेतीन मीटरांचा हा फरक कागदावर किरकोळ वाटेल. पण पुढे भिंत असेल तर? मग तो फरक किती मोठा आहे, हे सांगावयास नको.

येथे अनेकांची एक गैरसमजूत असते. मोठ्या तबकड्यांचे महागडे ब्रेक बसवले, की मोटार कमी अंतरात थांबते, असे त्यांना वाटते. परंतु मूळचे ब्रेक चाक जागेवर थोपवून धरण्याइतके समर्थ असतील, तर एकदाच थांबताना मोठ्या ब्रेकचा काहीच लाभ होत नाही. चाक फिरायचे थांबवतो तो ब्रेक. मोटार थांबवतो तो टायर! मोठी तबकडी उपयोगी पडते ती पुन्हा पुन्हा होणारी उष्णता सोसण्यासाठी.

ही उष्णता थोडीथोडकी नसते. ताशी २०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या आपल्या मोटारीची गतिज ऊर्जा सुमारे २३ लाख ज्यूल असते. वळणाआधी वेग ८० पर्यंत उतरवला, तर त्यातील १९ लाखांहून अधिक ज्यूल काही सेकंदांत उष्णतेत बदलतात. त्यातील बराच मोठा वाटा ब्रेक पोटात घेतात. एवढ्या उष्णतेने २० अंशांवरील जवळजवळ पावणेसहा लिटर पाणी उकळीला येईल. आणि ही झाली एका वळणाची गोष्ट. दर फेरीत अशी कितीतरी वळणे येतात.

आता धोका कोठे आहे ते पाहा. पायाचा दाब ब्रेकपर्यंत पोहोचवणाऱ्या द्रवाला आपण ब्रेक ऑइल म्हणतो. खरे तर ते तेल नसते; साधारणपणे ग्लायकोल जातीच्या संयुगांचे मिश्रण असते आणि ते हवेतील ओलावा शोषून घेते. ‘डॉट-३’ या प्रतीच्या नव्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शिरल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरला तरी प्रमाणात बसतो. ‘डॉट-४’ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. जुना, ओलावलेला द्रव तापून उकळला, की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. मग चालक पाय देतो, पेडल थेट तळाशी जाते, आणि मोटार तशीच धावत राहते! म्हणून बंदिस्त मार्गावर जाण्यापूर्वी ताजे, उच्च प्रतीचे ब्रेक ऑइल भरणे आणि अधिक उष्णता सोसणारे ब्रेक पॅड बसवणे, हा पहिला खर्च. रक्कम थोडी, आणि मोबदल्यात जिवाची हमी.

वजन उतरवा

टायर आणि ब्रेक यांच्यानंतर वजनाचा विचार. त्वरण म्हणजे बल भागिले वस्तुमान, हा न्यूटनचा नियम तुम्ही शिकलाच आहात. १,५०० किलोग्रॅममधून ५० किलोग्रॅम उतरवले, तर ताशी १०४ किलोमीटरच्या पुढे, जेथे इंजिनाची सत्ता चालते तेथे, त्वरण सुमारे साडेतीन टक्क्यांनी वाढते. हा लाभ चाकांपाशी जवळजवळ ९ किलोवॉट शक्ती वाढवल्यासारखाच आहे. डिकीतील नको असलेले सामान घरी ठेवावयास तर एक पैसाही पडत नाही! चाकाच्या कडेजवळ असलेला एक किलोग्रॅम मोटारीच्या अंगावरील जवळजवळ दोन किलोग्रॅमांइतका जड पडतो. कारण त्याला पुढेही न्यावे लागते आणि फिरवावेही लागते. हलकी चाके बसवण्यामागचे कारण हेच.

लोटस या ब्रिटिश मोटारींचे निर्माते कॉलिन चॅपमन (१९२८–१९८२) यांनी हलकेपणा हेच आपल्या रचनांचे मुख्य सूत्र मानले होते. ‘झेड-झिरो-सिक्स’च्या अभियंत्यांनीही नुसती शक्ती वाढवली नाही, सायलेन्सर टिटॅनियमचा केला आणि काचाही पातळ केल्या.

मग शक्ती वाढवूच नये काय?

तसे नाही. सरळ पट्टा लांब असेल, तर ताशी १०४ किलोमीटरच्या पुढे शक्तीचा उपयोग होतोच. मात्र तेथेही एक अडचण आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; म्हणून तो मोडून काढण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. शक्ती १० टक्क्यांनी वाढवली, तर कमाल वेग वाढतो सुमारे ३ टक्क्यांनी. ताशी २७५ चे फार तर २८४ किलोमीटर. शिवाय वाढीव शक्तीबरोबर वाढीव उष्णता येते; मग मोठा रेडिएटर हवा, दणकट क्लच हवा, आणि ब्रेकही अधिक समर्थ हवेत. एका खर्चाच्या पोटी दुसरा खर्च जन्माला येतो.

इंजिनाला थंड हवा पुरवणाऱ्या नळ्यांची जाहिरात तुम्ही पाहिली असेल. त्यामागचे तत्त्व खरे आहे. ३० अंशांवरील हवेपेक्षा ६० अंशांवरील हवा सुमारे ९ टक्के विरळ असते. पण मूळ रचनेतच हवा बाहेरून, थंड जागेतून येत असेल, तर नव्या नळीने मिळणार काय? बदललेल्या सायलेन्सरचेही तसेच. आवाज वाढतो आणि चालकाला वाटते, शक्ती वाढली. कान हे शक्ती मोजण्याचे साधन नव्हे! आपल्याकडे मोटारसायकलींना कर्कश सायलेन्सर बसवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. तसेच मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ वाहनात मन मानेल तसे फेरफार करू देत नाही, हेही विसरू नये.

मग पैसा किती आणि कोठे खर्च करावा, याचा क्रम असा लागतो. प्रथम फुकटचे: टायरमधील हवा नीट तपासणे, नको ते सामान काढणे. मग ब्रेक ऑइल आणि पॅड. त्याच सुमारास जाणत्या शिक्षकाला शेजारी बसवून चालवणे शिकणे. कारण आहे तेच घर्षण नीट वापरता येत नसेल, तर वाढवून काय उपयोग? मग टायर. मात्र मऊ रबराचे शर्यतीचे टायर लवकर झिजतात, आणि खाचा नसलेले टायर ओल्या रस्त्यावर घसरतात, हे जाणूनच निवड करावी. मग ही सहा पोस्टकार्डे रस्त्यावर सपाट टेकलेली राहावीत म्हणून चाकांची अलाइनमेंट आणि सस्पेन्शन. त्यानंतर वजन. आणि सर्वांत शेवटी शक्ती.

प्रत्येक वेळी बदल एकच करावा आणि आधी व नंतर स्टॉपवॉच लावून तीच फेरी मोजावी. दोन बदल एकदम केले, तर लाभ कोणामुळे झाला हे कसे कळणार? प्रयोगशाळेत आपण हेच करतो.

हा प्रयोग तुम्हाला सायकलवरही करता येईल. रहदारी नसलेल्या मोकळ्या मैदानात एका खुणेपर्यंत ठरावीक वेगाने या, पायडल मारणे थांबवा आणि सायकल किती लांब जाते ते टेपने मोजा. मग फक्त टायरमधील हवा योग्य दाबापर्यंत भरा आणि पुन्हा मोजा. दुसऱ्या दिवशी फक्त साखळीला तेल द्या, आणि या वेळी ठरावीक अंतर पायडल मारत काटून वेळ मोजा. कारण पाय थांबल्यावर साखळीही थांबते. प्रत्येक मोजमाप तीनदा घ्या, सरासरी काढा, आणि झालेल्या खर्चासमोर झालेला लाभ वहीत लिहा. नवी सायकल मागण्यापूर्वी हा तक्ता वडिलांना जरूर दाखवा.