लष्करी निस्सान जंगलवाटेवर उतरवताना

आलापल्ली-भामरागडकडे माल नेणाऱ्यांना पावसाळ्यातली वाट ठाऊकच आहे. पर्लकोटेला पूर आला की थांबावेच लागते. पण चिखल आणि गुडघाभर नाल्यांसाठी लष्कराच्या लिलावातून आलेली जुनी निस्सान वनटन अजूनही कामाची आहे. जबलपूरला बनलेली ही गाडी म्हणजे जोंगा जीपची थोरली बहीण. दोघींचे इंजिन एकच, सहा सिलिंडरचे, सुमारे चार लिटरचे, पेट्रोलवर चालणारे.

ते पेट्रोल फार पिते, म्हणून डिझेल इंजिन बसवण्याचे काम आमच्या मिस्त्री बांधवांकडे येते. आमचे सांगणे एवढेच, पाना उचलण्याआधी कागद पाहा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे असा बदल परवानगीशिवाय चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये मनमानी फेरफारांना मनाई केली. लिलावाचे कागद अपुरे असले की आर.टी.ओ.त गाडी अडते, गिऱ्हाईक फिरकत नाही आणि मजुरी बुडते ती कारागिराची. डिझेलचे फेरे कमी, सडकेवर वेग घटतो, हेही आधीच सांगून टाकावे.

आता पाण्याचे. तापलेले अॅक्सल-हौसिंग नाल्यात एकदम थंड झाले की सीलमधून पाणी आत ओढते. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती बॉडीपर्यंत वर न्यावी. खर्च किरकोळ आहे. ऑइल दुधासारखे दिसले तर त्याच दिवशी बदलावे. ओले ड्रम ब्रेक पेडल हलके दाबत सुकवावेत. विंच आणि मोठे टायर ही हौस त्यानंतरची.