आइस हॉकी

आइस हॉकी हा बर्फाच्या मैदानावर, पायांत स्केट्स घालून खेळला जाणारा सांघिक खेळ आहे. प्रत्येकी सहा खेळाडूंचे दोन संघ टोकाशी वाकलेल्या काठीने कठीण रबराची एक चकती प्रतिस्पर्ध्याच्या गोलजाळ्यात धाडण्याचा प्रयत्न करतात. या चकतीस पक असे म्हणतात. कॅनडा, अमेरिका, रशिया, स्वीडन, फिनलंड, चेक प्रजासत्ताक, स्लोव्हाकिया आणि स्वित्झर्लंड या देशांत हा खेळ विशेष लोकप्रिय आहे. भारतात नुसते 'हॉकी' म्हटले की गवतावरील किंवा कृत्रिम हिरवळीवरील हॉकी डोळ्यांसमोर येते. कॅनडात मात्र त्याच शब्दाचा अर्थ आइस हॉकी असा होतो. १९९४ साली कायद्याने या खेळास कॅनडाचा राष्ट्रीय हिवाळी खेळ म्हणून मान्यता देण्यात आली.

सांघिक खेळांमध्ये आइस हॉकी हा अतिशय वेगवान खेळ मानला जातो. हा वेग खेळाचे प्रमुख आकर्षण आहे आणि नव्या प्रेक्षकाची प्रमुख अडचणही आहे. प्रथमच सामना पाहणाऱ्यास पक दिसत नाही, खेळ का थांबला हे कळत नाही आणि खेळाडू सतत आत-बाहेर का करतात याचाही उलगडा होत नाही. मात्र काही मोजके नियम समजले की हा गोंधळ बराच कमी होतो.

== इतिहास ==

गोठलेल्या तलावांवर काठी आणि चेंडू घेऊन खेळण्याची प्रथा उत्तर युरोपात व उत्तर अमेरिकेत जुनी आहे. आधुनिक खेळाचा आरंभ सामान्यतः ३ मार्च १८७५ रोजी माँट्रियल येथील व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकमध्ये झालेल्या सामन्यापासून मानला जातो. जेम्स क्रायटन यांच्या पुढाकाराने झालेला हा सामना बंदिस्त जागेत खेळला गेला. चेंडू उसळून प्रेक्षकांत जाऊ नये म्हणून त्याऐवजी सपाट चकती वापरण्यात आली.

कॅनडाचे तत्कालीन गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ली यांनी १८९२ मध्ये एक चषक भेट दिला. तो १८९३ मध्ये प्रथम प्रदान करण्यात आला व स्टॅन्ली चषक या नावाने प्रसिद्ध झाला. नॅशनल हॉकी लीग (एनएचएल) ची स्थापना नोव्हेंबर १९१७ मध्ये माँट्रियल येथे झाली. १९४२ ते १९६७ या काळात तिच्यात केवळ सहा संघ होते. आज ही संख्या ३२ आहे. आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघ १९०८ मध्ये पॅरिस येथे स्थापन झाला. ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथम १९२० च्या अँटवर्प येथील उन्हाळी स्पर्धेत खेळला गेला आणि १९२४ पासून तो हिवाळी ऑलिंपिकचा भाग आहे. महिलांची पहिली विश्वअजिंक्यपद स्पर्धा १९९० मध्ये ओटावा येथे झाली. १९९८ मध्ये नागानो येथे महिलांच्या आइस हॉकीस ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले.

== मैदान व साहित्य ==

या खेळाच्या मैदानास रिंक म्हणतात. एनएचएलमधील रिंक सुमारे ६१ मीटर लांब व २६ मीटर रुंद असते. आंतरराष्ट्रीय सामन्यांत पूर्वापार ६० बाय ३० मीटरची रुंद रिंक वापरली जात आली आहे. रिंकचे कोपरे गोलाकार असतात व तिच्याभोवती फळ्यांचा कठडा आणि त्यावर पारदर्शक काच असते. कठड्यावर आपटून परतलेला पक खेळात कायम राहतो. त्यामुळे चेंडू रेषेबाहेर जाऊन खेळ थांबण्याचा फुटबॉलमधील प्रकार येथे नाही.

मैदानाच्या मध्यभागी एक लाल रेषा आणि तिच्या दोन्ही बाजूंस एकेक निळी रेषा असते. निळ्या रेषांमुळे मैदानाचे बचावक्षेत्र, मध्यक्षेत्र व आक्रमणक्षेत्र असे तीन भाग पडतात. गोलजाळे १.८३ मीटर रुंद व १.२२ मीटर उंच असते. पकचा व्यास ७.६२ सेंटिमीटर, जाडी २.५४ सेंटिमीटर आणि वजन १५६ ते १७० ग्रॅम असते. तो कमी उसळावा म्हणून सामन्यापूर्वी गोठवून ठेवतात.

== प्रमुख नियम ==

सामना प्रत्येकी २० मिनिटांच्या तीन सत्रांत खेळला जातो. खेळ थांबताच घड्याळही थांबते. त्यामुळे मध्यंतरे धरून एक सामना सुमारे अडीच तास चालतो. प्रत्येक संघाचे एक गोलरक्षक, दोन बचावपटू व तीन आघाडीपटू एका वेळी बर्फावर असतात. पंच पक खाली टाकतो व दोन प्रतिस्पर्धी तो मिळवण्यासाठी झटापट करतात. या कृतीस फेस-ऑफ म्हणतात व खेळाची प्रत्येक नवी सुरुवात तिने होते.

खेळ वारंवार थांबण्यास मुख्यतः दोन नियम कारणीभूत असतात.

* '''ऑफसाइड''' : आक्रमक संघाच्या कोणत्याही खेळाडूस पकच्या आधी प्रतिस्पर्ध्याची निळी रेषा ओलांडता येत नाही. फुटबॉलमधील ऑफसाइड बचावपटूंच्या जागेवर ठरतो व ती जागा सतत बदलते. येथे रेषा बर्फावर कायमची आखलेली असल्याने हा नियम नव्या प्रेक्षकासही लवकर समजतो.
* '''आयसिंग''' : मध्यरेषेच्या आपल्या बाजूने मारलेला पक कोणाचाही स्पर्श न होता थेट प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे गेला, तर खेळ थांबतो व फेस-ऑफ मारणाऱ्या संघाच्याच गोलजवळ होतो. संकटात सापडलेल्या संघाने पक नुसता दूर भिरकावून वेळ काढू नये, हा या नियमाचा उद्देश आहे.

=== दंड व पॉवर प्ले ===

काठीने अडवणे, पाय अडकवून पाडणे, प्रतिस्पर्ध्यास धरून ठेवणे अशा चुकांसाठी खेळाडूस दोन मिनिटे दंडकक्षात बसावे लागते. गंभीर चुकांसाठी ही शिक्षा पाच मिनिटांची असते. त्या काळात त्याच्या संघास एक खेळाडू कमी घेऊन खेळावे लागते. प्रतिस्पर्ध्याला मिळालेल्या या संधीस पॉवर प्ले म्हणतात. क्रिकेटमधील पॉवरप्ले हा क्षेत्ररक्षणाच्या मर्यादांशी निगडित असतो. आइस हॉकीतील पॉवर प्ले म्हणजे प्रत्यक्ष संख्याबळाची वाढ होय. कबड्डीत गडी बाद झालेल्या संघाची जी कोंडी होते, तिच्याशी याचे अधिक साम्य आहे. दोन मिनिटांच्या दंडात गोल झाल्यास शिक्षा तत्काळ संपते.

एनएचएलमध्ये साधारणतः पाच पॉवर प्लेंपैकी एकाच वेळी गोल होतो. त्यामुळे चार खेळाडूंनी दोन मिनिटे तग धरून बचाव केला की प्रेक्षक त्याचेही गोलइतकेच स्वागत करतात.

== खेळाचे आकलन ==

=== पक आणि खेळाडूंची रचना ===

चांगल्या खेळाडूने मारलेला पक ताशी १५० किलोमीटरहून अधिक वेगाने जातो. प्रत्येक क्षणी त्याचा पाठलाग करणे अनुभवी प्रेक्षकासही जमत नाही. अनुभवी प्रेक्षक पकपेक्षा खेळाडूंकडे पाहतात. त्यांच्या खांद्यांचे वळण, काठीची दिशा आणि रिकामी पडलेली जागा यांवरून पक कोठे आहे व पुढे कोठे जाईल याचा अंदाज बांधता येतो.

दूरचित्रवाणीवरील या अडचणीवर अमेरिकेतील फॉक्स वाहिनीने १९९६ मध्ये एक तांत्रिक उपाय योजला. पकच्या आत संवेदक बसवून पडद्यावर त्याभोवती निळसर प्रभा दाखवण्यात येई व वेगवान फटक्यामागे लाल रेघ उमटे. नवख्या प्रेक्षकांना ही सोय उपयुक्त वाटली, तरी जुन्या चाहत्यांना ती रसभंग करणारी वाटली. १९९८ नंतर हा प्रयोग बंद झाला. पुढे उच्च दर्जाच्या चित्रप्रसारणामुळे ही अडचण बऱ्याच अंशी कमी झाली.

=== खेळाडूंची अदलाबदल ===

पूर्ण वेगाने स्केटिंग करणे अतिशय दमवणारे असल्याने खेळाडू सलग सुमारे ४० ते ६० सेकंदच बर्फावर राहतात. अदलाबदलीवर संख्येची मर्यादा नाही व त्यासाठी खेळ थांबवावा लागत नाही. बाहेर जाणारा कठड्यापाशी पोहोचताच दुसरा आत उतरतो. प्रतिस्पर्ध्याच्या सर्वोत्तम आघाडीपटूंसमोर आपले कोणते बचावपटू उतरवायचे, हा प्रशिक्षकांमधील डावपेचांचा महत्त्वाचा भाग असतो. चुकीच्या क्षणी केलेल्या अदलाबदलीमुळे प्रतिस्पर्ध्यास मोकळे मैदान मिळून गोल होऊ शकतो.

=== गोलरक्षक ===

एनएचएलच्या सामन्यात दोन्ही संघांचे मिळून साधारण सहा गोल होतात. गोलरक्षक जाळ्याच्या दिशेने आलेल्या दहांपैकी नऊ फटके अडवतात. त्यामुळे धावफलकावर फारसे काही घडत नसतानाही गोलरक्षकाचा खेळ सामन्याचे चित्र पालटत असतो. सामन्याच्या अखेरच्या मिनिटांत पिछाडीवरील संघ अनेकदा आपल्या गोलरक्षकास बाहेर बोलावून त्याच्या जागी सहावा आक्रमक उतरवतो. या वेळी स्वतःचे जाळे पूर्ण उघडे राहते. बरोबरीची संधी आणि निश्चित पराभव यांतील हा जुगार खेळातील सर्वांत उत्कंठावर्धक प्रसंगांपैकी एक आहे.

=== जादा वेळ ===

एनएचएलच्या साखळी सामन्यांत बरोबरी झाल्यास पाच मिनिटांचा जादा वेळ दिला जातो व त्यात प्रत्येक संघाचे गोलरक्षकाव्यतिरिक्त तीनच खेळाडू असतात. बाद फेरीत मात्र गोल होईपर्यंत पूर्ण संघांनिशी २०-२० मिनिटांची सत्रे खेळली जातात व पहिल्या गोलबरोबर सामना संपतो. मार्च १९३६ मध्ये डेट्रॉइट रेड विंग्ज व माँट्रियल मरून्स यांच्यातील सामना सहाव्या जादा सत्रापर्यंत लांबला. १७६ मिनिटे ३० सेकंदांच्या खेळानंतर मड ब्रुनेटो याने त्यातील एकमेव गोल केला. एनएचएलच्या इतिहासातील हा सर्वांत दीर्घ सामना होय.

== प्रेक्षकांच्या परंपरा ==

एका खेळाडूने सामन्यात तीन गोल केल्यास प्रेक्षक आपल्या टोप्या बर्फावर फेकतात व त्या गोळा होईपर्यंत खेळ थांबतो. डेट्रॉइट येथे बर्फावर ऑक्टोपस फेकण्याची विलक्षण प्रथा १९५२ मध्ये सुरू झाली. त्या काळी चषक जिंकण्यासाठी बाद फेरीत आठ विजय आवश्यक असत. ऑक्टोपसच्या आठ भुजा त्यांचे प्रतीक होत्या. बाद फेरी सुरू असेपर्यंत दाढी न करण्याचा प्रघात अनेक खेळाडू व चाहते पाळतात. बाद फेरीतील मालिका संपल्यावर दोन्ही संघ रांगेत उभे राहून हस्तांदोलन करतात. दोन आठवडे परस्परांवर आदळणाऱ्या खेळाडूंची ही कृती पाहण्यासाठी प्रेक्षक जागा सोडत नाहीत.

दोन सत्रांमधील वेळेत बर्फ गुळगुळीत करणारे यंत्र रिंकवर फिरते. कॅलिफोर्नियातील फ्रँक झांबोनी यांनी १९४९ मध्ये ते विकसित केले व ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. हे यंत्र पाहणे हादेखील, विशेषतः लहान मुलांसाठी, सामन्याच्या आनंदाचा भाग आहे.

== सामाजिक व राजकीय संदर्भ ==

काही सामने खेळापलीकडील अर्थामुळे स्मरणात राहिले. मार्च १९५५ मध्ये माँट्रियल कॅनेडियन्सचा मोरीस रिशार याला उर्वरित हंगामासाठी निलंबित करण्यात आल्यावर माँट्रियलमध्ये दंगल उसळली. फ्रेंच भाषक क्वेबेकवासीयांच्या मनातील अन्यायाची भावना तीतून प्रकट झाली, असे अनेक अभ्यासक मानतात. १९७२ मध्ये कॅनडा व सोव्हिएत संघ यांच्यात आठ सामन्यांची मालिका झाली. मॉस्कोतील अखेरच्या सामन्यात ३४ सेकंद उरले असता पॉल हेंडरसनने केलेल्या गोलमुळे ती कॅनडाने जिंकली. २२ फेब्रुवारी १९८० रोजी लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्ये हौशी व महाविद्यालयीन खेळाडूंच्या अमेरिकन संघाने बलाढ्य सोव्हिएत संघास ४-३ असे हरवले.

कॅनडात स्थायिक झालेल्या भारतीय वंशाच्या कुटुंबांपर्यंत हा खेळ पोहोचवण्यात भाषेचाही वाटा आहे. २००८ पासून तेथे एनएचएल सामन्यांचे पंजाबी समालोचन होऊ लागले. इंग्रजी समालोचन न समजणारे आजी-आजोबा नातवंडांसोबत सामने पाहू लागले. २०१६ च्या स्टॅन्ली चषक अंतिम मालिकेत निक बोनिनोने गोल केल्यावर समालोचक हरनारायण सिंग यांनी त्याचे नाव पुन्हा पुन्हा उच्चारत केलेला जल्लोष पंजाबी न जाणणाऱ्या प्रेक्षकांतही लोकप्रिय झाला.

== हिंसा व सुरक्षितता ==

पक ताब्यात असलेल्या खेळाडूस खांद्याने किंवा शरीराने धडक देणे पुरुषांच्या खेळात नियमास धरून आहे. मारामारी नियमबाह्य असली, तरी एनएचएलमध्ये तिच्यासाठी सामान्यतः पाच मिनिटांचीच शिक्षा असते. ऑलिंपिकसारख्या स्पर्धांत मात्र खेळाडूस सामन्यातून बाहेर काढले जाते. मारामारीमुळे अधिक घातक खेळास आळा बसतो, असे तिचे समर्थक म्हणतात. ती करमणुकीसाठी जपलेली हिंसा आहे, असे विरोधकांचे मत आहे.

सुरक्षासाधनेही सहजासहजी स्वीकारली गेली नाहीत. १ नोव्हेंबर १९५९ रोजी चेहऱ्यावर पक लागून जखमी झालेला गोलरक्षक जाक प्लांत टाके घालून परतला, तो मुखवटा घालूनच. प्रशिक्षकाचा त्यास विरोध होता. पुढे हीच प्रथा रूढ झाली. जानेवारी १९६८ मध्ये बिल मास्टरटन याचा बर्फावर डोके आपटून झालेल्या दुखापतीने मृत्यू झाला, तरी एनएचएलने नव्या खेळाडूंना शिरस्त्राण सक्तीचे केले ते १९७९ मध्ये. २०११ मध्ये वयाच्या २८ व्या वर्षी मरण पावलेल्या डेरेक बूगार्ड याच्या मेंदूत वारंवारच्या आघातांशी निगडित विकार आढळला. त्यानंतर डोक्यावरील आघातांचा प्रश्न ऐरणीवर आला. आज मारामारीचे प्रमाण पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झाले आहे. महिलांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत धडकांवर कडक मर्यादा असल्याने त्यांत पास व स्केटिंगचे कौशल्य अधिक स्पष्ट दिसते.

== भारतातील आइस हॉकी ==

भारतात हा खेळ प्रामुख्याने लडाखमध्ये व काही प्रमाणात हिमाचल प्रदेशात खेळला जातो. भारत १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाचा सदस्य झाला. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेह येथे गोठलेल्या कर्झू तलावावर पिढ्यान्‌पिढ्या सामने होत आले आहेत. कडाक्याच्या थंडीत कठड्याभोवती उभे राहून सामना पाहणे हा तेथील हिवाळ्याचा भाग आहे. लडाख स्काउट्ससारख्या लष्करी संघांचाही खेळाच्या प्रसारात मोठा वाटा आहे. खेलो इंडिया हिवाळी क्रीडास्पर्धांतील आइस हॉकीचे सामने लेह येथे होतात.

भारतीय महिला संघ २०१६ मध्ये प्रथमच आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला. बहुसंख्य खेळाडू लडाखच्या होत्या व साहित्यासाठी त्यांना लोकवर्गणीचा आधार घ्यावा लागला. २०१७ मध्ये फिलिपाइन्सविरुद्ध संघाने आपला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला.

नैसर्गिक बर्फावरील हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा असतो व तो सर्वस्वी थंडीवर अवलंबून असतो. हिवाळा सौम्य झाला की सराव आणि सामने दोन्ही आकसतात. वर्षभर चालणाऱ्या कृत्रिम रिंक देशात अत्यल्प असल्याने भारतीय आइस हॉकीचे भवितव्य रिंकच्या उभारणीशी निगडित आहे.