सक्तमजुरीची मजुरी

फौजदारी न्यायालयाने सुनावलेल्या कैदेचे दोन प्रकार असतात: साधी कैद आणि सक्तमजुरी. साध्या कैदेत माणसाचे हिंडणे-फिरणे बंद होते, एवढेच. सक्तमजुरीत त्याच्याकडून कामही करून घेतले जाते. भारतीय दंड संहितेतला हा भेद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनेही कायम ठेवला आहे. मराठीत ‘मजुरी’ या शब्दाचे अर्थ दोन, कष्टाचे काम आणि त्या कामाचे दाम. निकालपत्रात पहिला अर्थ अभिप्रेत असतो. दुसरा कितपत लागू धरायचा, यावर न्यायालये, समित्या आणि सरकारे यांच्यात दीर्घकाळ घोळ चालू आहे.

गोंदिया जिल्ह्यापुरता हा प्रश्न नागपूरच्या वर्धा रोडवरच्या तुरुंगात जाऊन पोहोचतो. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाला. जुने जिल्हा कारागृह मात्र भंडाऱ्यातच आहे. लांब मुदतीची शिक्षा लागली की जवळचे मोठे ठिकाण म्हणजे नागपूरचे मध्यवर्ती कारागृह. त्याची स्थापना १८६४ची. गोंदियाहून रेल्वेने हे अंतर सुमारे १३० किलोमीटर पडते. सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी-मोरगावच्या माणसाला त्याआधी गावातून गोंदियापर्यंत किंवा हमरस्त्यापर्यंत यावे लागते, ते वेगळे. झाडीपट्टीतल्या धानाच्या गावांत घर चालते ते रोवणीच्या, कापणीच्या रोजावर आणि उन्हाळ्यात तेंदूपत्त्यावर. अशा घरातला कमावता माणूस आत गेला की दोन गोष्टी एकदम होतात. त्याचा रोज बुडतो आणि मुलाकातीचा खर्च वाढतो. तो आत काम करून काय मिळवतो, हा त्याच्या घरच्यांच्या दृष्टीने तत्त्वचर्चेचा विषय नसतो.

मिळते ते असे. ऑगस्ट २०२३ मध्ये महाराष्ट्राने कैद्यांच्या रोजात सुमारे दहा टक्के वाढ केली. कुशल कैद्याचे ६७ रुपयांचे ७४ झाले, अर्धकुशलचे ६१चे ६७, अकुशलचे ४८चे ५३. खुल्या वसाहतीतल्या कैद्याला ८५ऐवजी ९४ रुपये मिळू लागले. त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर होता २७३ रुपये. म्हणजे तळ्याचा गाळ काढणाऱ्या माणसाला बाहेर जे मिळे, त्याच्या एक-पंचमांशाहूनही कमी आतल्या अकुशल कामाला. महिन्याचे २६ दिवस एकही खाडा न करता भरले, तर अकुशल कैद्याच्या नावावर १,३७८ रुपये जमा होतात. त्यातूनच कँटीनमधला साबण, चहा, बिस्किटे घ्यायची आणि उरेल ते घरी पाठवायचे.

काम मात्र नावापुरते नसते. महाराष्ट्राच्या कारागृहांत यंत्रमाग आणि हातमाग चालतात, सुतारकाम आणि शिवणकाम होते, बेकरी आणि धोबीखाना असतो, शेती पिकते. नाशिकरोडच्या कैद्यांनी घडवलेल्या गणेशमूर्तींना दर वर्षी मागणी असते. कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू वळले गेले आहेत. दिवाळीच्या तोंडावर विक्री केंद्रांत फराळ, आकाशकंदील, सतरंज्या मांडल्या जातात आणि गिऱ्हाईक ‘माल चांगला आणि स्वस्त’ म्हणत घेऊन जाते. स्वस्त का, हे कोणी विचारत नाही.

कैद्याचे काम फुकटचे असते, या समजुतीची मुळे कंपनी सरकारच्या काळात आहेत. १८३६ मध्ये नेमलेल्या तुरुंग शिस्त समितीत मेकॉलेही होता. समितीचा अहवाल १८३८ मध्ये आला. काम कंटाळवाणे, एकसुरी आणि भिंतीआड असावे, चांगल्या वागणुकीला बक्षीस वगैरे देऊ नये, असा तिचा सूर होता. काम उपयोगी असावे ही अपेक्षाच नव्हती. त्याने माणूस पिचावा, एवढी होती. या विचाराचे टोक मराठी वाचकाला अंदमानच्या कोलूमुळे ठाऊक आहे. १८९४च्या तुरुंग कायद्याने कामाला मर्यादा घातली. मजुरीची शिक्षा झालेल्या कैद्याला, अधीक्षकाने लेखी मंजूर केलेली निकड सोडली, तर दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम देता येणार नाही, असे त्यात ठरले. मोबदल्याचा हक्क मात्र या कायद्याने दिला नाही.

राज्यघटनेच्या २३व्या अनुच्छेदाने वेठबिगार आणि सक्तीचे श्रम यांना मनाई केली. १९८२ मध्ये दिल्लीच्या एशियाड बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, किमान वेतनाहून कमी पैशांत करून घेतलेले काम हेही सक्तीचेच श्रम. पुढच्याच वर्षी केरळच्या उच्च न्यायालयाने हा धागा तुरुंगापर्यंत नेला. त्याच सुमारास न्यायमूर्ती मुल्ला यांच्या अखिल भारतीय कारागृह सुधारणा समितीनेही न्याय्य वेतनाचा आग्रह धरला. अखेर २४ सप्टेंबर १९९८ रोजी, गुजरात सरकारच्या अपिलासह निरनिराळ्या राज्यांची प्रकरणे एकत्र ऐकून, सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. सक्तमजुरी झालेल्या कैद्याकडून काम घेणे घटनेच्या विरुद्ध नाही, पण त्या कामाचे न्याय्य वेतन दिलेच पाहिजे, असा तो होता. दर ठरवण्यासाठी राज्यांनी समित्या नेमाव्यात, त्यांनी किमान वेतन नजरेसमोर ठेवावे आणि तोवरचा हंगामी दर सहा आठवड्यांत जाहीर करावा, असेही सांगितले गेले.

निकालात एक वाट मोकळी ठेवली होती. कैद्याच्या अन्न-वस्त्रावरचा खर्च वेतनातून वळता करायला न्यायालयाने मुभा दिली आणि काही भाग गुन्ह्याची झळ पोहोचलेल्यांना देण्याची तरतूद कायद्याने करावी, असे सुचवले. कैद्याला पूर्ण मजुरी देण्याविरुद्धचे दोन मोठे आक्षेप इथे येऊन मिटायला हवे होते. सरकार त्याला फुकट पोसते, हा पहिला. ज्याचे घर त्याने उद्ध्वस्त केले त्याचे काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर वजावट आणि दुसऱ्याचे हिस्सा. अडचण अशी की वजावट करायची तर आधी पूर्ण आकडा लिहावा लागतो: एवढे वेतन, एवढा जेवणखर्च, एवढा पीडिताचा हिस्सा, एवढी शिल्लक. थेट ५३ रुपये लिहिले की बाकीचे कुठे गेले, किती गेले, पीडितापर्यंत काही पोहोचले का, हे त्या आकड्यावरून कळत नाही. रोजगार हमीच्या मजुराला हजेरीपट पाहता येतो. किमान तेवढे तरी इथे अवघड नसावे.

राज्याराज्यांतली तफावत पाहिली की ‘परवडत नाही’ या सबबीचा जोर ओसरतो. दिल्लीत कुशल कैद्याला ३०८, अर्धकुशलला २४८ आणि अकुशलला १९४ रुपये असा दर राहिला आहे. कर्नाटकाने महाराष्ट्राच्या वाढीच्याच सुमारास आपले दर खालच्या पायरीला ५२४ आणि वरच्या पायरीला ६६३ रुपयांवर नेले. बेळगावचे हिंडलगा आणि कोल्हापूरचे कळंबा यांच्यात अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटरचे. हिंडलग्यातला नवशिका कैदी कळंब्यातल्या कसबी कैद्याच्या सातपट कमावतो आणि दोघांच्याही बराकीत मराठी बोलली जाते.

कमी रोजाचा परिणाम आणखी एका योजनेत दिसतो. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने १ मे २०२२ रोजी येरवडा कारागृहात ‘जिव्हाळा’ ही कर्जयोजना सुरू केली. कैद्याला सात टक्के व्याजाने ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज, जामीनदार नाही, परतफेड आतल्या कमाईतून. मुलीचे लग्न, घरच्यांचे आजारपण, वकिलाची फी अशा गरजांना सावकाराचे दार न ठोठावता पैसा मिळावा, हा हेतू. कल्पना उत्तम, आणि कैद्याच्या श्रमाला बँकेने तारण मानले ही गोष्ट लहान नाही. पण ५३ रुपयांच्या रोजाने ५० हजार फिटायला, व्याज न धरता आणि कँटीनमध्ये एक पैसाही न उडवता, ९४४ कामाचे दिवस लागतात, म्हणजे महिन्याला २६ या हिशेबाने तीन वर्षांहून जास्त. २७३च्या दराने हेच काम १८४ दिवसांचे होते.

कोणाला कोणते काम मिळते, यावर रोज ठरतो आणि या वाटपात जात डोकावत आली आहे. अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत झाडलोट ठराविक जातींकडे आणि स्वयंपाक ठराविक जातींकडे, असे उघड लिहिलेले होते. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे नियम घटनाबाह्य ठरवले. कुशल-अकुशल हा भेद हाताच्या कसबावर राहावा, यासाठी हा निकाल मजुरीच्या दराइतकाच महत्त्वाचा आहे.

हे सारे ‘पक्क्या’, म्हणजे शिक्षा झालेल्या, कैद्यांचे. भारतात २०२२ अखेर तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांतले ४,३४,३०२, म्हणजे चारांतले तीन, ‘कच्चे’, खटला चालू असलेले. त्यांच्यावर मजुरीची सक्ती करता येत नाही, हे योग्यच. पण खटला वर्षानुवर्षे रेंगाळला की त्यांची कमाई तेवढी वर्षे थांबते. त्यांच्या घरच्यांना ५३ रुपयांवर रुसण्याचीही सोय नसते.

संयुक्त राष्ट्रांच्या २०१५च्या नेल्सन मंडेला नियमांत कमाईच्या तीन वाटा सांगितल्या आहेत: थोडे स्वतःच्या गरजांना, थोडे घरी, थोडे सुटकेच्या दिवसासाठी बाजूला. महाराष्ट्रात या तिन्हींच्या सर्वांत जवळ जाते ते खुले कारागृह. पैठण, मोर्शी, गडचिरोली इथे अशी कारागृहे आहेत. त्यांत जुनी आणि वेगळी वसाहत सांगलीच्या आटपाडीजवळची, स्वतंत्रपूर. औंध संस्थानाने १९३९ मध्ये, मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या कल्पनेतून ती वसवली. तिच्यावरूनच माणदेशच्या ग. दि. माडगूळकरांनी ‘दो आँखें बारह हाथ’ची कथा लिहिली आणि १९५७ मध्ये व्ही. शांताराम यांनी चित्रपट केला. चित्रपटातले कैदी भाजी पिकवून बाजारात नेतात आणि व्यापाऱ्यांशी त्यांची गाठ पडते ती भावावरून. स्वतंत्रपूरचे कैदी बायकामुलांसह राहून शेती करतात. तिथल्या बायकोला नवऱ्याला भेटायला गाडी पकडावी लागत नाही. सकाळी ती त्याच्याबरोबरच खुरपे घेऊन निघते.