पुठ्ठा, चिंध्या आणि अठरा मीटर

सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा-यावल-शिरपूर पट्ट्यात, भिल्ल आणि पावरा समाजांत धनुष्यबाण पिढ्यान्‌पिढ्यांचा. पण जळगाव-धुळ्यात एखाद्या हॉलमध्ये तिरंदाजी सुरू करायची म्हटलं की आधी टार्गेटचा खर्च आडवा येतो. तयार फोमचं टार्गेट महाग, शिवाय रोजच्या माऱ्याने त्याचा मधला भाग लवकर पोखरला जातो.

हॉलमधलं अंतर 18 मीटर, कागदी चकती 40 सेंटिमीटरची, तिचा मध्य जमिनीपासून 130 सेंटिमीटरवर. बाण थांबतो तो घर्षणाने, टणक आडोशाने नव्हे. म्हणून पुठ्ठ्याचे जुने खोके उत्तम, आणि केळीच्या या मुलखात खोक्यांना तोटा नाही. सारख्या रुंदीच्या पट्ट्या कापून एकावर एक रचाव्यात, वर-खाली फळ्या ठेवून आट्याच्या सळ्या आणि नटांनी गच्च आवळाव्यात. बाण थरांच्या फटीत, कडेच्या बाजूने शिरला पाहिजे. गठ्ठा सैल पडला की नट पिळा. मधल्या पट्ट्या झिजल्या की वरच्या पट्ट्या तिथे घाला.

शिंप्याकडच्या चिंध्या गोणीत ठासून भरल्या तरी चालतं. बटणं, चेन, हुक मात्र आधी काढा. चिंध्या खाली बसतात, तेव्हा वरून भर घालत राहावी लागते. कडबा स्वस्त खरा, पण बंद जागेत आग आणि धूळ. मी तो टाळेन.

पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरतो, म्हणून तो लाकडी घोड्यावर ठेवा. मागे जाड सतरंजी सैल टांगा. ताणून बांधली तर बाण आरपार जातो. आणि टार्गेटमागचं दार सराव संपेपर्यंत कुलूपबंदच ठेवा.