इंग्रजी वाक्यातील समानाधिकरण पदबंध

भारतीय संविधानाच्या पहिल्या अनुच्छेदाच्या इंग्रजी पाठात ‘इंडिया’ या नामानंतर एक स्वल्पविराम येतो, मग ‘दॅट इज भारत’ हे तीन शब्द येतात, मग दुसरा स्वल्पविराम येतो आणि त्यानंतर वाक्य पुढे सरकते. एवढ्याशा शब्दांवरून सप्टेंबर १९४९ मध्ये संविधान सभेत बराच वाद झाला. हरि विष्णू कामत यांनी सुचविलेल्या दुरुस्तीत क्रम उलटा होता : आधी ‘भारत’, आणि मागून, इंग्रजी भाषेतील नाव म्हणून, ‘इंडिया’. ही दुरुस्ती ३८ विरुद्ध ५१ मतांनी फेटाळली गेली. दोन्ही नावे एकाच देशाची असताना क्रमाचे एवढे महत्त्व ते काय, असे कोणी विचारील. व्याकरणाचे उत्तर असे की, दोन नामे शेजारी शेजारी ठेवली तरी त्यांचा दर्जा सारखा होत नाही. पहिले नाम वाक्याचा भार वाहते, दुसरे त्याची ओळख करून देते. सभासदांना हे परिभाषेत सांगावे लागले नाही.

एका नामाशेजारी दुसरे नाम किंवा नामपदबंध येऊन त्याच व्यक्तीचा वा वस्तूचा निराळ्या शब्दांनी निर्देश करतो, तेव्हा त्याला इंग्रजी व्याकरणात ‘अपॉझिटिव्ह’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘जवळ ठेवणे’ एवढाच आहे. आपल्याकडील ‘समानाधिकरण’ ही संज्ञा त्याहून नेमकी म्हटली पाहिजे, कारण दोन्ही पदांचे अधिकरण, म्हणजे आधारभूत वस्तू, एकच आहे हे ती सांगते. पाणिनीने कर्मधारय समासाची व्याख्या याच कल्पनेवर बेतली आहे. तेव्हा ही कल्पना भारतीय विद्यार्थ्याला परकी नाही. परकी आहे ती तिची इंग्रजीतील मांडणी.

मराठीत ओळख बहुधा नावाच्या आधी येते. ‘तामिळ कवी सुब्रमण्य भारती’ असे आपण म्हणतो. इंग्रजीतही तसे म्हणता येते. परंतु लेखी इंग्रजीला ‘सुब्रमण्य भारती, अ तामिळ पोएट’ ही मांडणी विशेष प्रिय आहे. मराठीत ती जशीच्या तशी आणू गेल्यास विभक्तिप्रत्यय कोणत्या नामाला जोडावा हा प्रश्न उभा राहतो, आणि मग ‘यांनी’, ‘यांना’, ‘यांचा’ अशा सर्वनामरूपांचा आधार घ्यावा लागतो. इंग्रजीत हे काम पदांचे स्थान आणि स्वल्पविराम यांवर सोपविलेले असते. भाषांतर करताना प्रस्तुत लेखकाला याचा अनुभव पानोपानी येतो. इंग्रजी वाक्याच्या मध्यभागी सहज बसलेला पदबंध एक तर नावाआधी न्यावा लागतो, नाही तर त्याचे स्वतंत्र वाक्य करावे लागते. हे टाळून जे वाक्य उतरते, ते मराठी लिपीतील इंग्रजी असते.

स्वल्पविराम ही येथे केवळ विरामाची खूण नव्हे. ‘माय ब्रदर, रमेश, लिव्हज इन नागपूर’ या वाक्यात बोलणाऱ्याला एकच भाऊ आहे आणि त्याचे नाव जाता जाता सांगितले आहे. दोन्ही स्वल्पविराम काढून टाकले, की भाऊ अनेक असावेत आणि त्यांपैकी रमेश नागपूरला राहतो, असा अर्थ निघतो. मृत्युपत्रासारख्या दस्तऐवजात हा भेद उपेक्षून चालत नाही. विद्यार्थ्यांची सर्वांत नित्याची चूक म्हणजे पहिला स्वल्पविराम देऊन दुसरा विसरणे. कंसाची एक बाजू उघडी ठेवण्यासारखीच ही गोष्ट आहे. मात्र काही वेळा दोन्ही स्वल्पविराम असूनही घोटाळा उरतो. ‘मिस्टर राव, द हेडमास्टर, अँड द इन्स्पेक्टर’ आले, असे लिहिले तर माणसे दोन की तीन? राव हेच मुख्याध्यापक असल्यास त्यांचे पद नावाआधी घ्यावे. तेथे नियमापेक्षा शहाणपणा उपयोगी पडतो.

हा विषय वर्गात शिकविताना बहुधा व्याख्या पाठ करवून घेतात आणि नंतर दहा वाक्यांतील पदबंध अधोरेखित करायला सांगतात. अधोरेखन करता येणे म्हणजे लिहिता येणे नव्हे. याहून फलदायी ठरलेली रीत वाक्यजोडणीची. अमेरिकेत फ्रँक ओहेअर यांचा या विषयावरील प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी सातव्या इयत्तेतील मुलांना व्याकरणाची परिभाषा न शिकविता केवळ लहान वाक्ये जोडण्याचा सराव दिला आणि त्यांच्या वाक्यरचनेत स्पष्ट सुधारणा दिसून आली.

आपल्या वर्गात हे सहज करता येईल. फळ्यावर दोन वाक्ये लिहावीत : ‘चिलिका इज अ लगून ऑन द ओडिशा कोस्ट.’ ‘इट ॲट्रॅक्ट्स मायग्रेटरी बर्ड्स एव्हरी विंटर.’ पहिल्यातील ‘इज’ आणि दुसऱ्यातील ‘इट’ गाळले, दोन स्वल्पविराम घातले, की एकच वाक्य तयार होते. येथवर काम यांत्रिक आहे. खरा अभ्यास पुढे सुरू होतो. सी. व्ही. रामन हे तिरुचिरापल्लीचे, आणि त्यांना १९३० साली भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले, ही दोन विधाने जोडायची आहेत. ‘अ नेटिव्ह ऑफ तिरुचिरापल्ली’ हे शब्द स्वल्पविरामांत घातले तर पारितोषिक हे मुख्य विधान होते. ‘द विनर ऑफ द १९३० नोबेल प्राइझ इन फिजिक्स’ हे शब्द तेथे घातले तर जन्मगाव मुख्य होते. भौतिकीवरील लेखात पहिली रचना योग्य, तिरुचिरापल्लीवरील लेखात दुसरी. कोणती गोष्ट पुढे आणावी आणि कोणती हळूच सांगावी, हा निर्णय विद्यार्थ्यानेच घेतला पाहिजे.

सराव वाढला की नव्या चुका दिसू लागतात. ‘हू वॉज’ गाळले की पदबंध तयार होतो असे सांगितल्यावर मुले ‘बॉर्न इन १८८८’ यालाही समानाधिकरण म्हणू लागतात. पण त्यात नाम नाही. कोणी ‘अ ग्रेट फिजिसिस्ट’ एवढे लिहून पूर्णविराम देतो, आणि क्रियापद राहूनच जाते. ‘द नीलगिरीज, अ पार्ट ऑफ द वेस्टर्न घाट्स’ यापुढे पुष्कळजण एकवचनी क्रियापद लिहितात, कारण जवळचे नाम एकवचनी असते. क्रियापद मात्र पहिल्या नामाचे अंकित असते. आणि एका माणसामागे चार चार पदव्या स्वल्पविरामांनी लावण्याची हौस तर श्रद्धांजलीपर लेखांतून सर्वांच्या परिचयाची आहे.

समानाधिकरण पदबंध वगळला तरी वाक्य उभे राहते, अशी एक कसोटी सांगतात. वरच्या इयत्तांना ती संविधानाच्या उद्देशिकेवर लावून पाहण्यास सांगावे. तेथे ‘वुई’ या सर्वनामाशेजारी ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा पदबंध आहे आणि क्रियापद कितीतरी ओळींनंतर येते. पदबंध काढला तर व्याकरणदृष्ट्या वाक्य बिघडत नाही. मग उरलेले ‘आम्ही’ म्हणजे कोण, हे विद्यार्थ्यांना विचारावे.